खटला कोणी भरला, आणि कोणता भरला नाही

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईतील भाजपचे नेते रामदास नायक यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावर खटला भरण्याची परवानगी राज्यपालांकडे मागितली. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते. परवान्याशिवाय गोणी मिळत नसे आणि मुंबईत बांधकामे अडून बसलेली असत. अशा काळात बिल्डर मंडळींनी अंतुले यांच्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ला देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असा तो आरोप होता. अंतुले यांच्या समर्थकांनी त्यावर दिलेले उत्तर आजही ओळखीचे वाटेल: हे विरोधकांचे कारस्थान आहे, धडाडीने काम करणारा मुख्यमंत्री काहींना खुपतो आहे. या उत्तरात तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येत नाही. नायक विरोधी पक्षाचे होते. एक्स्प्रेस समूह आणि इंदिरा गांधी यांचे आणीबाणीपासून वैर होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना, सिंधुदुर्ग आणि जालना या नव्या जिल्ह्यांची निर्मिती, कुलाब्याचे रायगड असे नामकरण, असे अनेक निर्णय अंतुले यांनी दीड वर्षाच्या आत झपाट्याने घेतले होते आणि त्यांना मानणारा मोठा वर्ग राज्यात होता. तक्रारदाराचा हेतू राजकीय होता, हे मान्य करायला कसलीच अडचण नाही. तरीही प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण एखाद्या नेत्याचे नाव आरोपपत्रात आले की आपण अजूनही त्याच जागी उभे राहून वाद घालतो. एक बाजू म्हणते, कायदा आपले काम करतो आहे. दुसरी म्हणते, ही सूडबुद्धीची कारवाई आहे. सत्ता पालटली की दोन्ही बाजू आपापली वाक्ये बदलून घेतात. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. आरोप खरा आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर फक्त पुराव्यात असते. सत्ता पक्षपाताने वापरली गेली का, हा दुसरा. त्याचे उत्तर त्या एका आरोपपत्रात कितीही शोधले तरी सापडत नाही. ते ज्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालेच नाही, त्यांच्या फायलींत असते. आपली चर्चा मात्र पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर देत राहते, आणि त्याचा फायदा दोघांना होतो: भ्रष्ट नेत्याला, आणि त्याच्यावर सोयीने कारवाई करणाऱ्या सत्तेला.

तक्रारदाराच्या हेतूचा मुद्दा अंतुले प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. भ्रष्टाचाराच्या खटल्यात खासगी तक्रार चालते का, असा वाद होता. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने फेब्रुवारी १९८४ मध्ये निर्वाळा दिला की चालते. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो आणि कायद्याने उघड अपवाद केलेला नसेल तर फौजदारी कायद्याची चक्रे कोणीही फिरवू शकतो, असे ते तत्त्व आहे. त्यामागचे व्यवहारज्ञानही समजण्यासारखे आहे. मुख्यमंत्री अनेकदा गृहखाते हाताळतो, पोलीस त्याच्या हाताखाली असतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या त्याच्या सहीने होतात. अशा माणसाविरुद्ध कागद गोळा करण्याचा खटाटोप त्याचा मित्र करणार नाही आणि तटस्थ माणूस त्या भानगडीत पडणार नाही. तो खटाटोप करण्याइतकी चिकाटी बहुधा राजकीय विरोधकाकडेच असते. विरोधकाने आणलेली तक्रार केवळ विरोधकाची म्हणून फेकून द्यायची, असे ठरवले तर सत्तेवरच्या माणसाविरुद्ध कोणतीच तक्रार शिल्लक राहत नाही.

हेतू आणि सत्य किती स्वतंत्रपणे चालतात हे पाहायला तीन प्रकरणे पुरेशी आहेत. जयललिता यांच्याविरुद्धचे बेहिशेबी मालमत्तेचे प्रकरण सुब्रमण्यम स्वामी यांच्या तक्रारीतून सुरू झाले आणि त्या १९९६ मध्ये पराभूत झाल्यावर आलेल्या द्रमुक सरकारने ते पुढे रेटले. त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्यावर चेन्नईत साक्षीदार फिरू लागले. तेव्हा द्रमुकचे नेते के. अनबळगन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये खटला बंगळुरूला हलवला. म्हणजे आरंभापासून प्रत्येक पावलावर राजकीय शत्रूचा हात होता. तरीही बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने २०१४ मध्ये दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्दोष सोडले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल पुन्हा कायम केला. लालूप्रसाद यादव यांचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. चारा घोटाळ्याचा तपास पाटणा उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला आणि जून १९९७ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, तेव्हा केंद्रात इंदरकुमार गुजराल यांचे सरकार होते आणि लालूप्रसाद खुद्द गुजराल यांच्या जनता दलाचे अध्यक्ष होते. स्वपक्षाच्या सत्तेत दाखल झालेले आरोपपत्र, आणि २०१३ मध्ये दोषसिद्धी. तिसरे प्रकरण जैन हवालाचे. त्याच्या तपासावर सर्वोच्च न्यायालयाची नजर होती आणि आरोपींमध्ये सत्ताधारी काँग्रेसच्या मंत्र्यांपासून लालकृष्ण अडवाणींपर्यंत सर्व रंगांचे नेते होते. पक्षपाताचा आरोप करायला फारशी जागा नव्हती. अडवाणींनी खासदारकी सोडली आणि १९९६ ची निवडणूकही लढवली नाही. पण पुरावा म्हणजे डायऱ्या आणि सुटे कागद. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आरोप रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ते मान्य केले. शत्रूने भरलेला खटला टिकला, आपल्याच सरकारच्या काळातला टिकला, आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली सर्वपक्षीयांवर भरलेला कोसळला. तिन्ही ठिकाणी निकाल हेतूने ठरला नाही.

मग ‘सूडबुद्धी’ची ओरड पोकळच म्हणायची का? तसे म्हणून मोकळे होता येत नाही. कारण अंतुले प्रकरणातले तत्त्व एका विशिष्ट परिस्थितीतून आले होते. तिथे तक्रारदाराकडे एक अर्ज आणि काही कागद एवढेच होते. पोलीस, गृहखाते आणि विधानसभेतील बहुमत आरोपीकडे होते. नायक कोणाला अटक करू शकत नव्हते, कोणाची मालमत्ता जप्त करू शकत नव्हते. त्यांचा हेतू वाईट असता तरी त्याने कोणाचे स्वातंत्र्य हिरावले जाणार नव्हते. त्यांना प्रत्येक गोष्ट न्यायाधीशापुढे सिद्ध करावी लागणार होती. आज सक्तवसुली संचालनालयाचा (ईडी) सहायक संचालक लेखी कारणे नोंदवून एखाद्याला अटक करतो, तेव्हा हे समीकरण उलटे झालेले असते. मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याचे कलम ४५ असे आहे की आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. खटला सुरू होण्याआधीच जवळजवळ निर्दोषत्व सिद्ध करण्याची ही अट आहे, आणि जुलै २०२२ मध्ये विजय मदनलाल चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. इतकी ताकद हातात असलेल्या यंत्रणेचा हेतू तपासला पाहिजे. नागरिकाचा हेतू माफ असतो, कारण त्याच्या हातात सत्ता नसते. ती सवलत सरकारने स्वतःसाठी मागायची नसते.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. नायक यांनी ज्या वाटेने अंतुले यांना न्यायालयात नेले ती वाट दरम्यानच्या काळात अरुंद झाली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये कलम १७ अ आले आणि लोकसेवकाच्या सरकारी निर्णयाशी संबंधित आरोपाची पोलिसांनी नुसती चौकशी सुरू करायलाही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक झाली. एकीकडे नागरिकाच्या तक्रारीपुढे मंजुरीचे दार, दुसरीकडे केंद्रीय यंत्रणेला अटकेचे मोकळे अधिकार. कोणावर कारवाई व्हावी आणि कोणावर होऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यामुळे उत्तरोत्तर सत्तेवर असलेल्यांच्या हातात एकवटत गेल्या. निवडक कारवाईची तक्रार या रचनेतून येते. एखाद्या पंतप्रधानाच्या किंवा गृहमंत्र्याच्या स्वभावावर ती अवलंबून नाही, म्हणून ती सरकार बदलल्याने आपोआप संपणारही नाही.

निवडकपणाचा पुरावा म्हणून ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २०२२ मध्ये एक आकडेवारी मांडली होती: २०१४ नंतर सीबीआयच्या कचाट्यात आलेल्या १२४ प्रमुख नेत्यांपैकी ११८ विरोधी पक्षांचे होते. सत्ताधाऱ्यांचे समर्थक यावर जे उत्तर देतात ते वरवरचे नाही, त्याला उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात की दीर्घकाळ सत्तेवर कोण होते ते पाहा. ज्यांच्याकडे खाती होती, कंत्राटे होती, भूखंड होते, घोटाळे त्यांच्याच काळातले निघणार. या युक्तिवादात दम आहे आणि केवळ टक्केवारीवरून पक्षपात सिद्ध होत नाही, हेही खरे. पण त्याच दैनिकाने एप्रिल २०२४ मध्ये दुसरी यादी छापली. २०१४ पासून भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत केंद्रीय यंत्रणांच्या कारवाईला सामोरे जात असलेले जे विरोधी नेते भाजपमध्ये किंवा भाजपच्या आघाडीत गेले, अशा २५ जणांची ती यादी होती. त्यांतल्या २३ जणांना दिलासा मिळाला होता: ३ प्रकरणे बंद झाली, २० थंडावली. या यादीत महाराष्ट्राचे नेते मोठ्या संख्येने आहेत. ‘त्यांच्या हातात सत्ता होती म्हणून घोटाळे त्यांचे’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, कारण माणूस तोच, खाते तेच, व्यवहार तोच. बदलला तो फक्त पक्ष. पक्षांतराने कागदपत्रे खोटी होत नाहीत. मग एक तर आधीची कारवाई निराधार होती, किंवा नंतरची शांतता. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी यंत्रणेने हेतू ठेवून काम केले, हा निष्कर्ष टळत नाही.

सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार ईडीने दहा वर्षांत आजी-माजी खासदार, आमदार आणि राजकीय नेत्यांविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदवली आणि त्यांत दोषसिद्धी झाली २ प्रकरणांत. हा आकडा फेकून सगळे आरोप खोटे होते असे म्हणणे चुकीचे आहे. आपल्याकडे खटले वर्षानुवर्षे चालतात आणि बहुतेक प्रकरणे अजून निकालापर्यंत पोचलेली नाहीत. पण हा आकडा दुसरी एक गोष्ट नक्की सांगतो: निकाल दूर आहे आणि तुरुंग जवळ आहे. अशा वेळी अटक हीच शिक्षा होऊन बसते. अनिल देशमुख वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिले, छगन भुजबळ दोन वर्षांहून अधिक. संजय राऊत शंभर दिवसांनी बाहेर आले तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांची अटक बेकायदा असल्याचे म्हटले. ईडीने त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, हेही नोंदवले पाहिजे. पण या तिघांवरचे मूळ आरोप खरे की खोटे, हे त्या तुरुंगवासाने सिद्ध झाले नाही आणि त्यांच्या सुटकेनेही झाले नाही. भुजबळ २०१६ मध्ये भाजपच्या राज्यात गजाआड गेले आणि महाराष्ट्र सदन प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, तेव्हा ते महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात होते. न्यायालयाचा आदेश न्यायालयाचा आहे. तरीही खटला चालवणारा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ज्या सरकारच्या हाताखाली, त्याच सरकारात आरोपी मंत्री, अशी स्थिती असेल तर अटकेवर शंका घेणारा एक वर्ग आणि सुटकेवर शंका घेणारा दुसरा, असे दोन वर्ग तयार होणारच.

विरोधकांच्या समर्थकांची मागणीही इथेच तपासून घेतली पाहिजे. कारवाई निवडक आहे म्हणून ती रद्द करा, असे ते सुचवतात. हे स्वीकारता येणार नाही. दुसऱ्याला चुकीने सोडले म्हणून मलाही सोडा, असा समतेचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधून मिळत नाही; चुकीत समानता मागता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. निवडक कारवाईवरचा इलाज म्हणजे मिटवलेल्या फायली उघडणे. उघडलेल्या मिटवणे हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही. आणि विरोधकांचे हातही या बाबतीत स्वच्छ नाहीत. महाविकास आघाडीने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला राज्यात तपास करण्यासाठी दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, शिंदे-फडणवीस सरकारने ती परत दिली. दोन्ही सरकारांनी आपापले कारण सांगितले. पण राज्यातल्या भ्रष्टाचाराच्या तपासाचे दार कोण सत्तेवर आहे त्यावरून बंद आणि उघडे होते, एवढे या दोन निर्णयांतून दिसले.

‘जनतेच्या न्यायालयात आम्ही जिंकलो’ हे उत्तर मात्र विचारात घेण्यासारखे नाही. मतदार भाव, रस्ते, जात, पाणी, उमेदवार अशा अनेक गोष्टींवर एका बटणाने मत देतो. सरकारी तिजोरीतून बनावट बिले मंजूर झाली की नाही, हा प्रश्न त्या बटणावर नसतो.

खरा घोळ वेळेचा आहे आणि तोच पक्षपाताच्या संशयाला खतपाणी घालतो. अंतुले यांच्यावरचा खटलाच पाहा. राज्यपालांनी परवानगी दिली जुलै १९८२ मध्ये. मग आमदार हा लोकसेवक असतो का आणि त्याच्यासाठी विधिमंडळाची परवानगी लागते का, या वादावर विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये त्यांना आरोपमुक्त केले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि खटला लवकर संपावा म्हणून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. १९८६ मध्ये आरोप निश्चितीवरून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले की खटला उच्च न्यायालयाकडे देण्याचा १९८४ चा आदेशच चुकीचा होता. आणि जलद खटल्याच्या हक्काची तत्त्वे घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९९१ चा महत्त्वाचा निकाल ओळखला जातो तो अंतुले यांच्याच नावाने. तक्रारीला तेव्हा दहा वर्षे उलटली होती. अंतुले यांना शिक्षा झाली नाही. पुढे ते दोनदा केंद्रीय मंत्री झाले. त्यांच्या चाहत्यांना आजही वाटते की एका कर्तबगार मराठी मुसलमान नेत्याला कट करून संपवले, आणि टीकाकारांना वाटते की ते कायद्याच्या फटींतून निसटले. सिमेंटच्या गोणीमागे पैसा घेतला गेला का, या साध्या प्रश्नावर पुराव्यांची उलटतपासणी होऊन वेळेत निकाल लागला असता, तर या दोनपैकी एक समजूत तरी मावळली असती. जयललिता यांच्या बाबतीत अंतिम निकाल आला तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांच्यापुरते प्रकरण संपुष्टात आले होते.

यावर उपाय काय, हे कोणाला नव्याने शोधायचे नाही. हवाला प्रकरणातूनच निघालेल्या विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सीबीआय आणि ईडीच्या प्रमुखांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ द्यायला सांगितले, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीला सरकारची पूर्वपरवानगी लागण्याचा आदेश रद्द केला आणि खटल्याच्या मंजुरीसाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली. या आदेशांनी उभी केलेली भिंत नंतर ठिकठिकाणी खचवली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वटहुकूम काढून या प्रमुखांचा कार्यकाळ एकेका वर्षाने पाच वर्षांपर्यंत वाढवण्याची सोय करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली, मात्र तत्कालीन ईडी संचालकांना दिलेली मुदतवाढ बेकायदा ठरवली. ज्या अधिकाऱ्याचे पुढचे वर्ष सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याने सरकारच्या मित्राची फाईल उघडावी अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे. त्याऐवजी एकदाच दिलेला पुरेसा कार्यकाळ आणि मुदतवाढीला बंदी, एवढी दुरुस्ती संसद एका बैठकीत करू शकते.

दुसरी दुरुस्ती मिटलेल्या फायलींची. ईडी ज्या नोंदीवर तपास सुरू करते ती ईसीआयआर हा यंत्रणेचा अंतर्गत दस्तऐवज मानला जातो; आरोपीलाही त्याची प्रत मागण्याचा हक्क नाही. तपासात गुन्हा आढळला नाही तर क्लोजर रिपोर्ट विशेष न्यायालयात द्यावा, असे कायदा म्हणतो, पण तपास कधी संपवायचा याला मुदत नाही. म्हणजे एखादे प्रकरण बंद न करता नुसते झोपवून ठेवता येते आणि संबंधित नेता पुन्हा विरोधात गेलाच तर जागे करता येते. वर सांगितलेल्या २५ पैकी २० प्रकरणे नेमकी या अवस्थेत सापडली. लोकप्रतिनिधींविरुद्धच्या प्रत्येक नोंदीचा हिशेब, नोंद कधी झाली, शेवटचे पाऊल कधी पडले, पुढे काही झाले नसेल तर का नाही, दर सहा महिन्यांनी संबंधित विशेष न्यायालयापुढे यावा आणि ते पत्रक प्रसिद्ध व्हावे. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागालाही हाच नियम लागू करावा. क्लोजर रिपोर्ट स्वीकारण्याआधी मूळ तक्रारदाराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकण्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलेले आहे. ते इथे काटेकोरपणे पाळले जावे, मग तो तक्रारदार विरोधी पक्षाचा कार्यकर्ता का असेना. महाराष्ट्रात गेल्या दहा-बारा वर्षांत जवळपास प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी तपास करणाऱ्यांच्या बाजूला आणि कधी ना कधी तपास होणाऱ्यांच्या बाजूला बसला आहे. या पत्रकाची मागणी विधानसभेत कोणत्याही बाकावरून करता येईल. जो पक्ष ती सत्तेत असताना मान्य करील, त्याने उद्या एखाद्या प्रतिस्पर्ध्यावर आरोपपत्र दाखल केले तर ते पुराव्याच्या बळावर वाचायला लोक तयार होतील.